जाण्याचा सीन

धामणपाड्यातल्या हाल्याची थोरली मुलगी योगिता हिला एका जागी बसवत नसे. "हिच्या पायाला भिंगरी हाय," असं तिची आई भिकी सगळ्यांना सांगायची, आणि त्यात खोटं काही नव्हतं. जेवायला बसली तरी ही पोरगी मधेच उठून दारात जाऊन यायची. शाळेत बाकावर बसली की तिचा गुडघा असा हलायचा, की शेजारणीचं अक्षर बिघडायचं आणि बोलणी शेजारणीला बसायची. पाड्यामागच्या टेकाडावरून तलासरीचा हायवे दिसतो. गाड्यांची एक रांग मुंबईकडे, एक गुजरातकडे, कधी तुटत नाही. योगिता ती बघत तिथं उभी राहायची. उभी म्हणजे उभीच, बसायचं नाव नाही. असल्या पोरीला पाच वर्षं पाड्यात खिळवून ठेवलं ते एका पिच्चरने. आणि पिच्चर कसला, तर एक मुलगी गाव सोडून जाते, त्याचा.

हे खूळ आलं २०१४च्या पावसाळ्यात, आणि आणलं डहाणूच्या जिग्नेशने. जिग्नेशचं स्टेशनाजवळ झेरॉक्सचं दुकान आणि लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगचा जोडधंदा. घरात गुजराती, दुकानात मराठी, ट्रकवाल्यांशी हिंदी, आणि तिन्ही भाषांत आश्वासन द्यायची हातोटी सारखीच. मुंबईहून मैत्रेयी मॅडम नावाच्या डायरेक्टर आल्या होत्या. त्यांना खरं शेत, खरं घर आणि खरोखरच्या वाढत्या वयाची मुलगी हवी होती. जिग्नेशने त्यांना योगिताच्या शाळेत नेलं. मॅडमनी दहावीतल्या मुलींना एकेक करून कॅमेऱ्यासमोर उभं केलं आणि सांगितलं, "काही करायचं नाही. नुसती उभी राहा." सगळ्या पोरी खांबासारख्या उभ्या राहिल्या. योगिताला ते कुठलं जमायला? या पायावरून त्या पायावर, मग खिडकीबाहेर, मग मॅडमच्या चपलांकडे, पुन्हा खिडकीबाहेर. मॅडम हसल्या. "हीच," म्हणाल्या.

ज्या खोडीपायी जन्मभर बोलणी खाल्ली, तिच्याचपायी कुणी आपल्याला निवडलं, तर पंधरा वर्षांच्या पोरीचं काय होणार? योगिता त्या दिवशी शाळेपासून घरापर्यंत धावतच आली.

पिच्चरची गोष्ट मॅडमनी हाल्याच्या ओट्यावर बसून सांगितली. शेतकऱ्याची एक मुलगी. तीन पावसाळे जातात, ती वाढते, बापाशी भांडते आणि शेवटी उभ्या पिकातून वाट काढत गाव सोडते. मुलगी खरीच वाढताना दिसली पाहिजे, म्हणून दरवर्षी येऊन थोडंथोडं शूटिंग करायचं. आईबापाची कामं भिकीने आणि हाल्यानेच करायची.

हाल्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "शेवटाला जाते कुठं ती?"

"ते दाखवायचं नाही, काका. ती फक्त जाते."

हाल्याने बिडी विझवली. "इको गाडीवाला तरी इचारंल ना, कुठं उतरायचं ते."

पहिली दोन वर्षं मजेत गेली. निदान योगिताची. भिकीचं डोकं मात्र तापलेलं असायचं, कारण आवणीच्या दिवसांत ही मंडळी यायची आणि लावलेली रोपं उपटून पुन्हा लावायला सांगायची. उजेड चुकला म्हणून एकदा, कुत्रा मधे आला म्हणून एकदा. "रोपाला काय माहीत तुमचा उजेड?" असं भिकी म्हणायची आणि लावायची, कारण मॅडम स्वतः गुडघाभर चिखलात उतरून तिच्याशेजारी उभ्या असायच्या. बाई मनाने वाईट नव्हती. तिला फक्त आपल्या पिच्चरपलीकडचं काही लक्षात राहत नसे. योगिताला तर हे काम म्हणजे सणच वाटायचा. इथं कुणी तिला गप बस म्हणत नव्हतं. चाल म्हणत होते, पळ म्हणत होते, परत पळ म्हणत होते. टेक, सीन, कंटिन्युइटी हे शब्द ती पाड्यातल्या पोरींना असे ऐकवायची, की जणू ती स्वतःच मुंबईहून आली आहे.

तिसऱ्या वर्षी, २०१६च्या कापणीला, मॅडमनी तिला निळा सुती ड्रेस शिवून आणला. सीन भांडणाचा होता. मुलगी कोयती टाकून निघते, बाप चिखलाच्या हाताने तिला मागून धरतो, ती सुटून पुढे जाते. बिचाऱ्या हाल्याला कॅमेऱ्यासमोर पोरीवर रागावताच येईना. सकाळ त्यातच गेली. शेवटी कॅमेरावाल्याचा पाय बांधावर घसरला आणि भाताच्या चार पेंढ्या पाण्यात गेल्या, तेव्हा हाल्याला जो राग आला तो सगळा योगिताच्या पाठीवर निघाला. निळ्या ड्रेसवर, दोन्ही खांद्यांच्या मधोमध, चिखलाचा पंजा उमटला.

मॅडमना आनंद झाला. "हा पंजा पाठीवर घेऊनच ती गाव सोडेल," त्या म्हणाल्या. तो शेवटचा सीन दुसऱ्या दिवशी घ्यायचा ठरलं. पण त्या दुपारनंतर परतीच्या पावसाने झोडपलं आणि सकाळी सगळं भात आडवं पडलेलं. उभ्या पिकाशिवाय मुलगी जाणार कशी? मॅडमनी कपाळाला हात लावला, मग म्हणाल्या, "पुढच्या वर्षी घेऊ. एकच तर सीन उरलाय." ड्रेस त्यांनी योगिताच्या हातात दिला. आमच्याकडे हरवेल, तुमच्याकडेच ठेव, म्हणाल्या. "धुवायचा अजिबात नाही. हा पंजा असाच राहायला हवा. आणि तूही जशी आहेस तशीच राहा हं."

सतरा वर्षांच्या मुलीला जशी आहेस तशीच राहा म्हणायचं, आणि तेही वयात येणाऱ्या मुलीवरच्या पिच्चरसाठी. पण योगिताने ते शब्द देवाच्या आज्ञेसारखे घेतले. ड्रेस घडी करून पत्र्याच्या पेटीत ठेवला, वर कागद घातला आणि धाकट्या बहिणीला, तानीला, दम भरला की पेटीला हात लावलास तर बघ.

तानीला दम भरला, पण आईला कोण भरणार? हाल्याच्या घरची रीत अशी, की नवं भात घरात आणण्याआधी सगळं घर सारवायचं आणि घरातली चिंधी न्‌ चिंधी धुवायची. शेवटचं खाचर कापून होईपर्यंत नव्यातला एक दाणाही चुलीवर चढवायचा नाही. घरात मळकं काही राहिलं तर धान्याची देवी कणसरी रुसते, दाण्याला बरकत राहत नाही, हे भिकीला तिच्या सासूने सांगितलं होतं आणि सासूला तिच्या सासूने. त्या वर्षी सारवता सारवता भिकीने पेटी उघडली, तर आत चिखलाने माखलेला ड्रेस. आता आली का पंचाईत. एकीकडे कणसरी, दुसरीकडे मॅडम. भिकीने दोघींचंही मन राखलं. ड्रेस सोडा घातलेल्या उकळत्या पाण्यात टाकला, दगडावर आपटून लख्ख केला, नवं घरात आलं, नैवेद्य झाला, आणि मग त्याच खाचरातला चिखल आणून, हात माखून, ड्रेसच्या पाठीवर पुन्हा पंजा उमटवला. सावलीत वाळवला आणि पेटीत ठेवून दिला.

योगिताला ते कळलं आठवड्याने. पंजा बारीक दिसत होता. बोटं हाल्याची नव्हती.

"आये, मॅडमना कळंल ना."

"चिखल तोच हाय, खाचर तेच हाय. हात काय, घरातलाच."

योगिता आधी चिडली, मग हसत सुटली. कुणाला सांगायचं नाही असं मायलेकींचं ठरलं. तेव्हापासून दरवर्षी तसंच होऊ लागलं. कणसरीसाठी धुवायचा, मॅडमसाठी माखायचा.

पुढच्या वर्षी, २०१७ला, योगिता बारावी पास झाली. चांगली झाली. शाळेतल्या पाटकर बाईंनी तिच्याकडून नर्सिंगच्या कोर्सचा अर्ज भरून घेतला होता. कापणीच्या दिवसांत नाशिकहून बोलावणं आलं, अमुक तारखेला कागद घेऊन हजर राहा. योगिताने पिशवी भरलीसुद्धा. आणि आदल्या दिवशी जिग्नेशचा फोन.

"योगिताबेन, मॅडम परवा येते ने. पक्कं. तुझा जाण्याचा सीन. एक शेत उभं राहू दे, बाकी मी बघतो."

"मला नाशिकला बोलावलंय."

"अरे, नाशिक कुठं पळून जाते? तू नाय तर पिच्चर नाय. तीन वर्षांची मेहनत आहे ने सगळ्यांची."

योगिता टेकाडावर गेली. खाली गाड्या पळत होत्या. खरं सांगायचं तर तिला नाशिकला जायचंच होतं. पण तिला तो सीनही हवा होता. उभ्या पिकातून, निळ्या ड्रेसमध्ये, मागे वळून न बघता जाणारी योगिता तिने मनात इतक्या वेळा पाहिली होती, की तो सीन झाल्याशिवाय आपण खरंच गेलो असं तिला वाटलं नसतं. शिवाय शब्द दिला होता. ती खाली आली आणि भरलेली पिशवी रिकामी केली. पाटकर बाई तिच्याशी नंतर कित्येक दिवस बोलल्या नाहीत.

हाल्यानेही शब्द पाळला. सगळी खाचरं कापली आणि ओहळाकडचं एक उभं ठेवलं. मॅडम परवा आल्या नाहीत. मग जिग्नेश म्हणाला सोमवारी. मग म्हणाला कॅमेरा अडकलाय. मग फोन उचलेनासा झाला. इकडे भात पिकून पार सुकलं. नुसता वारा आला तरी दाणे झडायचे. पोपटांनी ताव मारला, उंदरांनी बिळं भरली. आणि शेवटचं खाचर उभं, म्हणून घरात नवं शिजेना. सगळ्या पाड्यात नव्याचा वास सुटलेला, आणि हाल्याच्या घरी खळ्यात भात पडून असताना चुलीवर रेशनचा तांदूळ. पाड्यातले लोक येता-जाता विचारायचे, "काय हाल्या, पोर गेली का नाय अजून?" हाल्या हसायचा. योगिताला हायवेवर कुठंही हॉर्न वाजला की दारात धावत यायची सवय लागली. ताटावरून उठायची, आंघोळीतून ओरडून विचारायची, कोण आलं.

दिवाळी उलटली, तेव्हा भिकी एका सकाळी कुणाला न विचारता कोयती घेऊन त्या खाचरात उतरली. भात कसलं, नुसता पेंढाच हाती आला. कापून झाल्यावर ती बांधावर बसली आणि पाणी पिऊन म्हणाली, "पिच्चरमधली पोर जाईल तवा जाईल. आपलं भात गेलं, आणि नाशिक पण गेलं." योगिताला रडूच आलं. आई रागावली असती तर बरं, असं तिला वाटलं.

मॅडमचं गाडं मुंबईत कुठंतरी अडलं होतं, एवढंच पुढे कळलं. योगिता नरपडच्या एका चिकूवाडीत कामाला लागली. सकाळी टेम्पोने जायचं, उतरवलेले चिकू निवडायचे, क्रेट भरायचे, उचलायचे, संध्याकाळी टेम्पोने परत. खांदे भरले, दंड भरले. बायका म्हणायच्या, योगिता चालता चालता चिकू निवडते. तिथून समुद्र जवळ होता. दुपारच्या सुट्टीत ती सुरूच्या झाडांपर्यंत जायची, पाण्याकडे बघायची आणि लगेच मागे फिरायची. जिथं जाईल तिथून संध्याकाळी परत यायचंय, हेच तिला सोसत नव्हतं. लोकांनी स्थळं आणली, तिने नाही म्हटलं. कोर्सचा अर्ज पुन्हा भर म्हणून तानीने सुचवलं, तिने उद्या म्हटलं. आरशात बघताना तिला मॅडमचे शब्द आठवायचे आणि ती आरसा उलटा करून ठेवायची. कुणी बांधून ठेवलं असतं तर दावं तोडून पळाली असती. इथं दावंच दिसत नव्हतं.

आणि मग २०१८च्या नोव्हेंबरात जमीन हलायला लागली. तलासरी-डहाणूकडे तेव्हा रोज धक्के बसत. भांडी वाजायची, कुडाची माती झडायची, लोक अंगणात खाटा टाकून बसायचे. अशा दिवसांत, एका सकाळी, मॅडमची गाडी पाड्यात उभी राहिली. जिग्नेशने फोन केला तो गाडी हायवेवरून वळल्यावर.

"शेत उभं आहे ने?"

नशिबाने ओहळाकडचं खाचर त्या वर्षी उशिरा लावलं होतं आणि उभं होतं. योगिता वाडीवर गेली नव्हती. ती धावत बाहेर आली, केस ओले, आणि मॅडमनी तिला पाहून हात पुढे केले ते तसेच राहिले.

"अगं, केवढी मोठी झालीस तू," त्या म्हणाल्या. कौतुकच होतं ते, पण योगिताने खांदे आत ओढून घेतले.

पेटीतून ड्रेस काढला. योगिता आत गेली. हात घातले, डोकं घातलं, आणि ड्रेस खांद्यावर अडला. तिने श्वास रोखून ओढला, तानीने खालून ओढला, शिवण कुरकुरली. एक तर पोरीचे खांदे क्रेट उचलून रुंदावलेले, आणि ड्रेस दोन वेळा सोड्यात उकळून आटलेला. भिकी दारात उभी होती. तिच्या चेहऱ्याचा रंग उतरला. "शिवण उसवा," ती म्हणाली. पण सीन पाठमोरा होता, उसवलेली शिवण दिसली असती. नवा शिवायला वेळ नव्हता. तेवढ्यात एक धक्का बसला, मांडणीवरचा टोप खाली आला, आणि मुंबईची पोरं गाडीकडे धावली. उजेड असेतो उरकून निघायचंच, असं त्यांनी मॅडमना सांगून टाकलं.

मॅडमची नजर फिरत फिरत तानीवर थांबली. तानी सोळा वर्षांची होती. वेणी तेवढीच, उंची तेवढीच. चेहरा दिसायचाच नव्हता.

तानीला ड्रेस बेताचा बसला. ही पोर अशी, की तिला तलासरीच्या बाजारातही जायचा कंटाळा. आता ती गाव सोडून जाणार होती. मॅडमनी योगिताच्या खांद्यावर हात ठेवला. "योगिता, तुझी चाल तिला शिकव ना जरा. तुझ्यासारखं कुणी चालत नाही."

योगिताने शिकवली. बांधावर उभं राहून, टाच कशी टाकायची, हात कसे सोडायचे, मागे बघायचं नाही. तानी जायची, मॅडम कट म्हणायच्या, तानी हसत परत यायची, पुन्हा जायची. योगिता कॅमेऱ्याच्या मागे उभी होती. आयुष्यात पहिल्यांदाच तिचे पाय हलत नव्हते. ऊन उतरलं, मंडळी सामान भरून निघून गेली. भिकीने ड्रेस काढून घेतला आणि कुठं ठेवला ते कुणी विचारलं नाही. त्या घरात कितीतरी दिवस पिच्चर हा शब्द कुणी उच्चारला नाही.

पण एक झालं. पुढच्या उन्हाळ्यात योगिता आपण होऊन पाटकर बाईंकडे गेली आणि अर्ज भरून आली. बाईंनी एकच प्रश्न विचारला, "या खेपेला जाशील ना?" ती हो म्हणाली.

२०१९च्या ऑक्टोबरात, पीक उभं असताना, नाशिकचं बोलावणं आलं. आणि त्याच आठवड्यात जिग्नेश मिठाई घेऊन दारात. पिच्चर पूर्ण झाला होता, बाहेरदेशात कुठं कुठं दाखवला गेला होता, लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या होत्या. आता तो तलासरीत दाखवायचा होता, नाशिकच्या आदल्या दिवशी, दुपारी. योगिता म्हणाली, बघेन आणि सकाळी जाईन. जिग्नेशने मान हलवली. "सकाळी कशी जाणार? टीव्हीवाले येते ने. दोनच दिवस थांब. मॅडम तुला स्टेजवर घेणार, मुंबईला पण नेणार. हिरॉइन आहे तू."

भिकीने योगिताकडे पाहिलं. पोरगी या पायावरून त्या पायावर झुलत होती. म्हणजे विचार करत होती.

त्या दुपारी तलासरीतल्या हॉलच्या खिडक्यांवर चादरी बांधल्या होत्या. अर्धा पाडा दाराजवळच बसला, हादरा बसला तर पळायला बरं म्हणून. पिच्चर सुरू झाला आणि लोकांना आपली कोंबडी, आपला बांध, आपला हाल्या पडद्यावर दिसला, तेव्हा हसून हसून पुरेवाट झाली. हाल्या लाजून खाली बघत बसला. योगिता स्वतःला बघत होती. पंधरा वर्षांची, सोळा वर्षांची, पळणारी, चिडणारी. ती मुलगी चांगली होती. तिला वाटलं, हिला कुणीतरी सांगायला हवं होतं, थांबू नकोस म्हणून.

मग शेवट आला. पिवळं भात, तिरपं ऊन, आणि निळ्या ड्रेसमधली मुलगी पाठमोरी चालत निघाली. चाल योगिताची, पाठ तानीची. आणि पाठीवर, मधोमध, चिखलाचा पंजा. बारीक बोटांचा. हॉलमध्ये एवढ्या लोकांत तो कुणाचा हात आहे ते दोघींनाच माहीत होतं. मुलगी लहान लहान होत गेली. मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "त्या बाजूनं कुठं चालली? तिकडं तर ओहळ हाय," आणि हशा पिकला, कारण खरंच त्या बाजूला रस्ता नव्हता. मॅडमना तिकडचा उजेड आवडला होता, एवढंच.

टाळ्या वाजल्या. बायका योगिताच्या पाठीवर थापा मारायला लागल्या. किती छान गेलीस, म्हणाल्या. मॅडम माईक घेऊन तिला शोधत होत्या, जिग्नेश हाताने बोलावत होता. योगिता उठली. भिकीने तिचं मनगट धरलं आणि खाली बसवलं.

"ड्रेस मी आटवला," भिकी म्हणाली. टाळ्यांत तिला ते तोंड कानाशी नेऊन सांगावं लागलं. "तुझ्या अंगात बसला नाय तो माझ्यापायी."

"माहीत हाय, आये."

भिकीने पडद्याकडे बोट केलं. तिथं आता नुसती नावं चालली होती. "ती गेली. तू कवा जाशील?"

योगिता स्टेजवर गेली नाही. मॅडमनी माईकवरून दोनदा नाव घेतलं, लोकांनी माना वळवल्या, आणि ती गर्दीतून वाट काढत घरी निघाली पिशवी भरायला.

सकाळी भिकी अंगण सारवत होती. नवं यायचं होतं, तिला उसंत नव्हती. योगिता पाया पडली, हाल्याने पिशवी उचलून दिली, तानी जांभई देत दारात आली. खरा रस्ता गोठ्यामागून, उकिरड्याला वळसा घालून जातो. त्या वाटेने ती निघाली आणि गोठ्यापर्यंत पोचली नाही तोच उलटी फिरली. मोबाईलचा चार्जर राहिला होता. तो घेऊन पुन्हा निघाली, पुन्हा थांबली, फोटोंचं पाकीट घेतलं का ते बघायला. घेतलं होतं. तरी ती उभीच. एकदा वाटेकडे, एकदा घराकडे.

भिकी शेणकाल्याच्या हातानेच उठली. "मॅडमचा पिच्चर हाय का फिरून फिरून जायला? जा एकदाची," म्हणाली आणि पाठीत हात घालून तिला ढकललं.

योगिता गेली. हायवेवर वडापची इको उभीच होती. इकोवाल्याने विचारलं कुठं, ती म्हणाली स्टेशन, तिथून नाशिक. आत सरकून बसली तेव्हा मागच्या म्हातारीने तिच्या खांद्याला हात लावला. "पोरी, पाठीला शेणाचा पंजा लागलाय गं. थांब, पुसते."

"राहू दे," योगिता म्हणाली, आणि गाडी सुरू झाली.